पाळण्यातले नाव

खिडकीपलीकडच्या बाईंनी तो प्रश्न विचारला, तेव्हा तो मला विचारलेला नव्हता. मी मुलीच्या मागे, दोन पावले अंतर ठेवून, हातात तिची आणि जावयाची पारपत्रे असलेले पाकीट धरून उभी होते. कॅलिफोर्नियात, सॅन होजेमधल्या सांता क्लारा काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, कार्यालयात विवाहाचा परवाना काढण्यासाठी आई-वडिलांची काहीच गरज नसते. वर आणि वधू दोघांनी एकत्र यायचे, ओळखपत्र दाखवायचे, अर्ज भरायचा, शुल्क भरायचे आणि परवाना घेऊन बाहेर पडायचे, इतकेच ते काम. तरीही मी गेले होते, कारण लेकीच्या लग्नाचा पहिला कागद तयार होताना आपण घरी बसून राहावे हे मला पटत नव्हते. मुलीने अर्ज घरूनच संगणकावर भरला होता आणि त्या बाई आता पडद्यावर पाहून एकेक ओळ मोठ्याने वाचून खात्री करून घेत होत्या. जन्मतारीख, जन्माचे ठिकाण, याआधीचे विवाह, वडिलांचे नाव. मग त्यांनी विचारले, “आणि हे तुमच्या आईचे जन्माच्या वेळचे पूर्ण नाव, बरोबर?” मुलगी म्हणाली, “हो, बरोबर.” मी पडद्याकडे पाहिले. तिथे माझे सासरचे पहिले नाव होते आणि त्याच्यापुढे माझे माहेरचे आडनाव.

असे नाव असलेली बाई या जगात कधीच नव्हती.

मी क्षणभर गप्प राहिले. गप्प राहता आले असते, हे मला त्या क्षणी अगदी स्पष्ट कळत होते. कुणाचे काही बिघडणार नव्हते आणि कुणी कधी तपासणारही नव्हते. पण त्याच अर्जाखाली, ही सगळी माहिती खरी आहे अशी शपथ मुलीने घ्यायची होती. उजवा हात वर करून ती अजाणता खोटे सांगणार होती आणि ते खोटे माझ्या नावाविषयीचे असणार होते. मी पुढे होऊन म्हणाले, “अगं, थांब. ते माझे नाव नाही.” मुलीने मागे वळून माझ्याकडे पाहिले, ते पाहणे अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. त्यात राग नव्हता. आपण ज्या घरात तीस वर्षे राहिलो, त्या घरात एक बंद खोली होती हे आज कळावे, तसे काहीतरी त्या नजरेत होते. “म्हणजे?” ती म्हणाली. मग मी ते नाव उच्चारले. खिडकीतल्या बाईंनी ते एकेक अक्षर करून सांगायला सांगितले आणि मी काचेला तोंड लावून, अनोळखी माणसासमोर, माझे पाळण्यातले नाव रोमन अक्षरांत हळूहळू सांगितले. परवाना मिळाला, दोघांनी हात वर करून शपथ घेतली, छायाचित्र काढले. गाडीत बसल्यावर मुलगी एवढेच म्हणाली, “आई, तू मला हे कधी सांगितले का नाहीस?”

या प्रश्नाचे उत्तर मी त्या दिवशी देऊ शकले नाही. खरे तर लपवण्यासारखे त्यात काही नव्हते. आमच्या पिढीतल्या कितीतरी बायकांची नावे लग्नात बदलली गेली आहेत, आणि वाचणाऱ्यांपैकी अनेकींनी आपल्या आईचे किंवा आजीचे मूळ नाव असेच कुठल्यातरी जुन्या शाळेच्या दाखल्यावर पहिल्यांदा वाचले असेल. माझे नाव आत्याने बारशाला कानात सांगितले ते आजीचे होते. मी जन्मण्याच्या आदल्या वर्षी ती गेली होती, म्हणून. तीन अक्षरे, शेवटचे अक्षर ‘ळा’. ते इथे लिहीत नाही, कारण ते माझ्याइतकेच तिचेही आहे. सासरी सगळ्यांना ते जुन्या वळणाचे वाटले आणि तसे वाटण्यात त्यांचा काही वाईट हेतू नव्हता. १९८९ च्या मे महिन्यात, साताऱ्यात, लक्ष्मीपूजनाच्या वेळी चांदीच्या ताटात तांदूळ पसरले होते. ह्यांनी सोन्याच्या अंगठीने त्या तांदळांत माझे नवे नाव लिहिले. बायका वाकून वाचत होत्या, साखर वाटली जात होती आणि मला आठवतो तो तांदळांतून अंगठी फिरताना होणारा अगदी बारीक, खरखरता आवाज. नाव लिहून झाल्यावर सासूबाईंनी ताट उचलले, तेव्हा तांदूळ हलले आणि ती अक्षरे मोडली. पण नाव राहिले. पुढचे दोन महिने मी जुन्या दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर नव्या सहीचा सराव करत होते.

जुन्या नावाची शेवटची सही मात्र मला अचूक आठवते. सासरे महसूल खात्यात होते आणि कागदावर त्यांचा देवाइतका विश्वास होता. त्या काळी आपल्याकडे लग्न नोंदवण्याची फारशी पद्धत नव्हती. लग्नपत्रिका, अल्बम आणि चार पाहुणे हाच पुरावा असे. १९५३ चा मुंबई विवाह नोंदणी अधिनियम होता, पण त्याच्या वाटेला जाणारे थोडे. आता १९९८ च्या महाराष्ट्राच्या अधिनियमानुसार नगरपालिकेत, महापालिकेत नाहीतर ग्रामपंचायतीत नोंदणी होते, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना ती सक्तीची करण्याचे निर्देश दिले आणि आजची मुले हॉलचे पैसे भरतानाच नोंदणीच्या तारखेचीही चौकशी करतात. आमच्या वेळी सासऱ्यांनी हट्टाने आम्हाला निबंधकाच्या कार्यालयात नेले. टेबलावर शाईचे डाग, वर घरघरणारा पंखा, आणि कागद उडू नयेत म्हणून रजिस्टरवर ठेवलेला गोल दगड. सही कोणती करायची हे मला कळेना, म्हणून मी कारकुनांना विचारले. त्यांनी मान वर न करता सांगितले, “लग्नाआधीची करा बाई, नोंद त्या नावाची आहे.” मी केली. नंतर राजपत्रात नाव बदलल्याची जाहिरात आली, त्यावरून पारपत्र झाले, पारपत्रावरून व्हिसा झाला आणि त्यावरून पुढचे सगळे आयुष्य झाले. सातासमुद्रापलीकडच्या या गावात मला ओळखणाऱ्या एकाही माणसाला ते पहिले नाव माहीत नव्हते. एकोणतीस वर्षांत ते मला कुणी विचारलेच नव्हते. विचारले ते एका खिडकीने, अर्जातल्या एका रकान्याने.

तो रकाना जावयाच्या बाजूलाही होता, आणि तिथे काही अडले नाही. जावई मेक्सिकन वंशाचा आहे. त्याचे आई-वडील फ्रेस्नोजवळच्या शेतमळ्यांत कामाला आले आणि तिथेच स्थायिक झाले. बाईंनी त्याला आईचे जन्माचे नाव विचारले, तेव्हा त्याने पहिले नाव आणि दोन आडनावे, एक वडिलांकडचे आणि एक आईकडचे, अशी सलग म्हणून टाकली. मेक्सिकोत बाई लग्नानंतरही आपली दोन्ही आडनावे तशीच ठेवते. जन्मदाखल्यावर जे नाव, तेच मृत्यूच्या दाखल्यावर. त्याच्या आईला ‘जन्माचे नाव’ असा वेगळा शब्द लागतच नाही. मला त्यांचा हेवा वाटला, हे मी मान्य करते. आणि त्याच वेळी त्या तांदळाच्या ताटाविषयी माझ्या मनात तिटकारा नव्हता, हेही खरे आहे. त्या नावाने मला ह्यांनी हाक मारली, सासऱ्यांनी शेवटच्या आजारात पाणी मागितले, मुलीने आईचे नाव म्हणून शाळेत पहिल्यांदा तेच गिरवले. कुणी मला ते नाव परत द्यायला सांगितले तर मी देणार नाही. एका नावावर प्रेम असताना दुसऱ्याची चुटपूट लागावी, हे मला त्या खिडकीपाशी उभे राहीपर्यंत जमेल असे वाटले नव्हते.

अर्जाच्या त्याच भागात, वधू आणि वर दोघांसाठीही, विवाहानंतर धारण करायच्या नावाची जागा असते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २००९ पासून लागू झालेल्या कायद्याने ती जागा नवऱ्यालाही तितकीच मोकळी केली आहे. त्याने बायकोचे आडनाव घ्यावे, दोघांनी मिळून जोडनाव घ्यावे किंवा काहीच बदलू नये. मात्र जे ठरवायचे ते परवाना काढतानाच. लग्न लागल्यानंतर विचार बदलला म्हणून त्या कागदावर नवे नाव घालता येत नाही. म्हणूनच त्या बाईंनी दोघांना दोनदा विचारले, “ही जागा कोरीच ठेवायची ना? पक्के?” दोघे एकदम म्हणाले, “पक्के.” मला ती पद्धत फार आवडली. नाव बदलायचे की नाही हे एखाद्या अधिकारी बाईने, सनई-चौघड्याच्या आणि पाहुण्यांच्या गलबल्यापासून दूर, शांत आवाजात, मुलीला आणि मुलाला सारखेच विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत बोटे कळफलकावरून उचलून थांबावे. मला १९८९ मध्ये असे कुणी विचारले असते तर मी काय म्हणाले असते? बहुधा “तुम्ही ठरवाल ते” असेच. पण विचारले असते तर, एवढाच विचार त्या रात्री मला झोपू देईना.

झोप येत नाही म्हणून मी त्या कार्यालयांचा इतिहास वाचत बसले, आणि त्यात आमच्या या नव्या सोयरिकीची एक जुनी सावली सापडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबातून शेतीच्या कामासाठी कॅलिफोर्नियात आलेल्या पुरुषांना आपल्याकडच्या बायका आणता येत नव्हत्या. १९१७ च्या कायद्याने तर हिंदुस्थानातून येण्याची वाटच बंद झाली. मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेल्या इम्पीरियल खोऱ्यातल्या कापसाच्या शेतांवर काम करणाऱ्या या शीख, मुसलमान आणि हिंदू पुरुषांनी मेक्सिकन बायकांशी लग्ने केली. अशी शेकडो कुटुंबे झाली. परवाना मात्र काउंटीच्या खिडकीतून घ्यावा लागे, आणि त्या काळी कॅलिफोर्नियात गोऱ्या माणसाने विशिष्ट वंशांतल्या माणसाशी लग्न करायला कायद्याने बंदी होती. कायद्यातल्या त्या यादीत हिंदुस्थानी माणसाचा उल्लेख नव्हता, आणि मेक्सिकन बाई कागदोपत्री गोरी धरली जाई. त्यामुळे सगळा निर्णय खिडकीतल्या कारकुनाच्या नजरेवर येऊन ठेपे. समोर उभी असलेली दोघे त्याला एकाच रंगाची दिसली, तर तो वर्णाच्या रकान्यात दोघांपुढे एकच शब्द लिहून परवाना देई. दिसली नाहीत तर जोडपे दुसऱ्या काउंटीत, नाहीतर दुसऱ्या राज्यात जाई. त्या संसारांचा इतिहास पुढे अभ्यासकांना लिहिता आला, त्याचे एक कारण म्हणजे काउंटीच्या दप्तरातल्या याच विवाहनोंदी होत.

ती बंदी उठली १ ऑक्टोबर १९४८ रोजी. आंद्रेआ पेरेझ ही मेक्सिकन वंशाची तरुणी आणि सिल्व्हेस्टर डेव्हिस हा कृष्णवर्णीय तरुण लॉस एंजेलिस काउंटीच्या खिडकीशी गेले होते. तिथे त्यांना परवाना नाकारला गेला. ते राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि चार विरुद्ध तीन अशा मतांनी न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. साऱ्या देशासाठी तसा निर्णय यायला १९६७ साल उजाडावे लागले. मला त्या दोघांचा विचार करताना न्यायालय दिसत नाही, ती खिडकीच दिसते. अर्ज भरून, नटूनथटून, कदाचित हातात हात घेऊन गेलेली दोन माणसे, आणि पलीकडून आलेला नकार. माझी मुलगी आणि जावई जिथे उभे राहून “पक्के” म्हणाले, तशाच एका जागी शंभर वर्षांपूर्वी त्यांच्यासारख्याच जोडप्याच्या कातडीचा रंग निरखला जात होता. आज त्या खिडकीने त्यांना रंग विचारला नाही. आईचे नाव विचारले.

परवाना नव्वद दिवस चालतो. आपल्याकडे विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे तर तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि तीन साक्षीदार लागतात. इथे परवाना मिळाल्या दिवशीही लग्न लावता येते आणि साक्षीदार एक पुरतो. पण कागदाच्या बाबतीत हे लोक सोवळेओवळे पाळणाऱ्या आजीइतके कडक आहेत. लग्न लावणाऱ्याने काळ्या शाईनेच लिहायचे, खाडाखोड करायची नाही, पांढरी शाई फासायची नाही. चूक झाली तर कागद परत येतो. आमच्या गुरुजींनी सप्तपदी, लाजाहोम, कन्यादानाऐवजी मुलीने सांगून ठेवलेले दोन्ही आयांचे आशीर्वाद, सगळे यथासांग केले, आणि मग कागद पुढे ओढून निळे पेन उघडले. मी धावतच गेले. बोटांवर कुंकू, हळद, तुपाचा ओशटपणा, होमाची राख, आणि खाली तो स्वच्छ, रेघारेघांचा कागद. मी त्यांना हात धुवायला लावले, पाटाखाली कोरडा पंचा अंथरला आणि काळे पेन हातात दिले. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी आचमन करताना बसतात तसे नीट मांडी घालून, जीभ दातांत धरून, एकेक रोमन अक्षर सुटे सुटे लिहिले. विहीणबाई साक्षीदार झाल्या. त्यांनी आपली दोन्ही आडनावे दिलेल्या जागेत मावत नसताना मावेपर्यंत बारीक करून लिहिली. त्या दोन सह्यांकडे पाहताना मला मंगलाष्टकांच्या वेळी आले नव्हते ते रडू आले.

सही झालेला तो कागद दहा दिवसांच्या आत ज्या काउंटीने परवाना दिला तिथे परत पोहोचवायचा असतो, मग तो नोंदला जातो. लग्न झाल्यावर प्रमाणपत्र आपोआप घरी येते असे पुष्कळांना वाटते, पण तसे नसते. नोंद झाल्यावर वेगळा अर्ज करून, वेगळे शुल्क भरून प्रमाणित प्रत मागवावी लागते. हे मला आमच्या एका परिचित काकूंमुळे पक्के ठाऊक झाले, आणि त्यांची हकिकत सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

काकू आता ऐंशीच्या घरात आहेत. काका गेले तेव्हा त्यांच्या निवृत्तिवेतनातला पत्नीचा वाटा मिळण्यासाठी विवाहाचे प्रमाणपत्र मागितले गेले, आणि काकूंकडे ते नव्हते. दोघांचे लग्न १९७० च्या दशकात इथेच झाले होते. जात वेगळी होती, दोन्ही घरांचा विरोध होता, आणि दोघेही शिकायला इथे आलेले. सॅन होजेमध्ये एका मित्राच्या घरी, बैठकीच्या खोलीत, समईऐवजी मेणबत्ती लावून लग्न लागले. गावाकडे पत्रिका छापली गेली नाही, अल्बम नाही, आहेराची यादी नाही. त्या लग्नाचा पुरावा म्हणजे फक्त तो एक कागद, आणि तो त्यांनी कधी मागवलाच नव्हता, कारण तो मागवावा लागतो हेच कुणी सांगितले नव्हते. लग्न सॅन होजेत झाले म्हणून मी त्यांना आमच्या काउंटीत घेऊन गेले. शोध झाला. नोंद सापडली नाही. इथल्या नियमाप्रमाणे अशा वेळी शोधाचे शुल्क परत मिळत नाही, आणि ‘नोंद आढळली नाही’ असे प्रमाणपत्र हातात पडते. काकूंनी ते दोनदा वाचले. बाहेरच्या बाकावर बसून त्या मला म्हणाल्या, “म्हणजे आमचे लग्न झालेच नाही असे म्हणतात का गं हे?” मला काय बोलावे ते सुचेना. गावाकडच्यांनी जन्मभर जे म्हटले, तेच आता शिक्क्यासह लिहून मिळाले आहे, असे त्यांना वाटत होते.

वाट सापडली ती रक्तामुळे. मी त्यांना त्या दिवसांविषयी बारीकसारीक विचारत होते. कुठे राहत होता, कुणाच्या गाडीतून गेलात, काय नेसला होता. बोलता बोलता काकू म्हणाल्या, “लग्नाआधी आमचे रक्त घेतले होते. ह्यांना सुईची भीती. बर्कलीला, विद्यापीठाच्या दवाखान्यात. तिथून बस धरून आम्ही कचेरीत गेलो.” कॅलिफोर्नियात १९३९ पासून पुढे कित्येक दशके परवान्याआधी रक्तचाचणीचा दाखला लागत असे, ती अट १९९० च्या दशकात गेली. रक्त बर्कलीत दिले असेल, तर बसने गाठलेली कचेरी बहुधा ऑकलंडची, म्हणजे अलामेडा काउंटीची. आणि इथेच आमची चूक झाली होती. या राज्यात ५८ काउंट्या आहेत. परवाना कुठल्याही काउंटीतून घ्यावा आणि लग्न राज्यात कुठेही लावावे, याला मुभा आहे. पण नोंद राहते ती परवाना देणाऱ्या काउंटीत. लग्न कुठे लागले याच्याशी तिचा संबंध नाही. आम्ही मांडव जिथे होता तिथे शोधत होतो, आणि कागद मात्र जिथून निघाला होता तिथेच परत जाऊन इतकी वर्षे बसला होता.

ऑकलंडला जाताना काकू गाडीत एक शब्द बोलल्या नाहीत. अर्जात मी त्यांचे लग्नाआधीचे नाव घातले, मधल्या नावाच्या जागी वडिलांचे नाव, कारण इथे बाईचा शोध लग्नाआधीच्या नावानेच लागतो. आडनावाचे रोमन स्पेलिंग दोन प्रकारे लिहून दिले. अर्ध्या तासाने त्यांचे नाव पुकारले गेले. नोटेसारख्या जाड, नक्षीच्या काठाच्या कागदावर त्या जुन्या परवान्याची प्रतिमा छापलेली होती, खाली उठावाचा शिक्का. टंकलेखन यंत्राची थोडी वरखाली झालेली अक्षरे, आणि तळाशी दोघांच्या हातच्या सह्या. काकूंनी कागद डोळ्यांजवळ नेला. काकांच्या सहीतला पहिल्या अक्षराचा तो मोठा वेटोळा पुढे म्हातारपणी थरथरून अगदी लहान झाला होता, तो इथे सव्वीस वर्षांच्या हाताने ऐटीत काढलेला होता. काकूंनी त्याच्यावरून अंगठा फिरवला, शाई ओली असल्यासारखा, फार हलके. मग म्हणाल्या, “माझे नाव बघ, आहे तेच आहे. तांदळात नाव लिहायला घरातले कुणी होतेच कुठे?”

हे सगळे मुलीच्या लग्नाआधी वर्षभर घडले होते. म्हणून प्रत कशी मागवायची हे मला नीट ठाऊक होते, आणि मुलगी-जावई प्रवासाला गेले असताना ते काम मी माझ्याकडे घेतले. अधिकृत प्रत कुणालाही मिळत नाही. पती-पत्नी, आई-वडील, मुले, भावंडे अशा जवळच्या नात्यातल्या माणसाने शपथपूर्वक नाते लिहून दिले तरच ती मिळते. इतरांना मिळते ती केवळ माहितीपुरती, आणि ती ओळख सिद्ध करायला चालत नाही, असे तिच्यावरच छापलेले असते. जायच्या आदल्या रात्री माझ्या मनात शंका आली. त्या नोंदीत वधूच्या आईचे जे नाव आहे, ते माझ्या एकाही ओळखपत्रावर नाही. उद्या खिडकीत कुणी विचारले की ही आई तुम्हीच कशावरून, तर मी काय दाखवणार? माळ्यावरची बॅग काढली. तिच्या तळाशी, सासऱ्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिलेला, चार घड्यांचा तो १९८९ चा कागद होता. घड्यांवर तो विरला होता, शिक्क्याची जांभळी शाई पसरली होती. वधूचे नाव, वराचे नाव, साक्षीदार, भटजींची सही. माझी दोन्ही आयुष्ये एकत्र असलेला माझ्याजवळचा तो एकच कागद.

दुसऱ्या दिवशी तो मी पर्समध्ये घालून नेला. खिडकीत या वेळी एक तरुण मुलगा होता. त्याने अर्ज पाहिला, ‘नाते’ या शब्दापुढे मी लिहिलेले ‘आई’ पाहिले, आणि खाली सही करायला सांगितली. मी माझी रोजची सही केली. त्याने माझ्याकडे जुने नाव मागितले नाही, कागद मागितला नाही. शपथेवर सांगितले, तेवढे त्याला पुरले. पर्समध्ये गेलेला माझा हात तसाच बाहेर आला. प्रत घेऊन मी वाहनतळावर आले आणि गाडी सुरू न करता बसून राहिले.

मग दोन्ही कागद मांडीवर शेजारी शेजारी ठेवले. एकावर साताऱ्याच्या कारकुनाचे वळणदार देवनागरी अक्षर, दुसऱ्यावर यंत्राने छापलेली रोमन अक्षरे. साताऱ्याच्या कागदावर माझ्या नावातला ‘ळ’ ठळक, गोल, पोटात शाई भरलेला होता. इथल्या कागदावर त्या जागी साधा ‘एल’ होता, कारण त्या खिडकीपाशी मी तसेच सांगितले होते. मुलीचा फोन आला. प्रत मिळाली का, म्हणून तिने विचारले. मी हो म्हटले. ती थांबली आणि म्हणाली, “सगळे बरोबर आहे ना? तुझे नावही वाच ना एकदा.” मी वाचून दाखवले. तिकडून तिने ते म्हणून पाहिले, आणि तिचा ‘ळ’ नेहमीप्रमाणे ‘ल’च्या जवळ गेला. “नाही,” ती म्हणाली, “थांब, पुन्हा म्हणते.”